पडद्यावरची रेघ आणि प्रा. ब्राउन

जुना टीव्ही उघडला की आत नरसाळ्याच्या आकाराची काचेची पिक्चर ट्यूब दिसते. तिचे जनक कार्ल फर्डिनांड ब्राउन. जन्म १८५०, जर्मनीतील फुल्डा. पेशाने प्राध्यापक. काही सल्फाइड स्फटिकांतून वीज एका दिशेने जास्त सहज वाहते, हे त्यांनी १८७४ मध्ये दाखवले. आपल्या डायोडचे मूळ ते हेच.

१८९७ मध्ये स्ट्रासबुर्गला त्यांनी ट्यूब बनवली ती टीव्हीसाठी नव्हे, तर बदलता विद्युतप्रवाह डोळ्यांना दिसावा म्हणून. कॉइलने किरण फक्त वर-खाली हलायचा. तो आडवा पसरलेला दिसावा म्हणून समोर फिरता आरसा लागे.

अष्टमीला आमच्या टीव्हीवर चित्र जाऊन मधोमध नुसती आडवी रेघ आली, तेव्हा मला हे उपयोगी पडलं. किरण आहे, डावी-उजवी चालही आहे. म्हणजे ट्यूब शाबूत, वर-खाली हलवणारं सर्किट बंद! ब्राइटनेस लगेच कमी केला, नाहीतर रेघेचा डाग पडद्यावर कायमचा राहतो. मेकॅनिकने व्हर्टिकल आयसीचं सुटलेलं सोल्डर पक्कं केलं आणि चित्र आलं.

वायरलेसमधील कामासाठी ब्राउन यांना १९०९ चे नोबेल मार्कोनींबरोबर विभागून मिळाले. ट्यूबचे पेटंट मात्र त्यांनी घेतलेच नाही. पहिल्या महायुद्धात वायरलेसच्या पेटंट खटल्यात साक्ष द्यायला ते न्यूयॉर्कला गेले, तिथेच अडकले आणि १९१८ मध्ये ब्रुकलिनला वारले. घरी परतणे झालेच नाही.

लॅबमधल्या जुन्या ऑसिलोस्कोपसमोर बसाल, तेव्हा त्यांना आठवा. आधी रेघ वाचा, मग पार्ट बदला.