माफी नको, इन्साफ हवा : शहीद जननी जहानारा इमाम

सप्टेंबर १९७१. ढाक्यातल्या एका घरात आई-वडिलांची झोप उडाली होती. वीस वर्षांचा थोरला मुलगा रूमी फौजेच्या कैदेत होता. तेवढ्यात पाकिस्तानचे लष्करी हुकूमशहा जनरल याह्या खान यांनी सर्वसाधारण माफी जाहीर केली. ओळखीपाळखीचे लोक सांगू लागले, दयेचा अर्ज करा, पोरगा सुटेल. आईचा जीव तुटत होता. पण ज्या हुकूमशाहीशी मुलगा लढला, तिच्याकडेच त्याच्यासाठी दया मागायची, हे वडील शरीफ इमाम यांना पटेना. अखेर आईनेही मन घट्ट केलं. अर्ज गेला नाही. रूमी परत आला नाही. त्याची मय्यतसुद्धा मिळाली नाही.

ही आई म्हणजे जहानारा इमाम. जन्म १९२९चा, मुर्शिदाबाद जिल्ह्यातला. मुस्लिम घरात मुलींच्या शिक्षणाला फारसं कुणी विचारत नव्हतं, त्या काळात त्या कोलकात्याच्या लेडी ब्रेबर्न कॉलेजात शिकल्या. पुढे ढाक्यात मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. रूमीला अमेरिकेत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, पण तो मुक्तिवाहिनीत गेला. २९ ऑगस्टच्या रात्री फौजेने घरावर छापा टाकून रूमीला, त्याच्या भावाला आणि वडिलांना उचललं. मारहाण सोसून भाऊ आणि वडील सुटले. पण विजयाला तीन दिवस उरले असताना, १३ डिसेंबरला, शरीफसाहेबही हृदयविकाराने गेले.

युद्ध संपलं, पण इन्साफ झाला नाही. बांगलादेशने १९७३ साली आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरणाचा कायदा केला. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे यांची सुनावणी देशातच व्हावी, हा त्यामागचा हेतू. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. पण १९७४च्या दिल्ली करारानंतर ज्या १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर खटले चालायचे होते, ते मायदेशी परतले. १९७५मध्ये शेख मुजीब यांची हत्या झाली आणि फौजेच्या स्थानिक साथीदारांवरचा कायदाही रद्द झाला. १९७३चा कायदा मात्र कागदावर तसाच पडून राहिला.

जहानारा आपांनी त्या वर्षाची रोजनिशी १९८६मध्ये पुस्तकरूपात आणली. 'एकात्तरेर दिनगुली' घराघरांत वाचलं गेलं. तोवर त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला होता.

१९७१मध्ये पाकिस्तानी फौजेची बाजू घेणारे गुलाम आझम डिसेंबर १९९१मध्ये बांगलादेश जमात-ए-इस्लामीचे अमीर म्हणून जाहीर झाले. तेव्हा या आजारी बाईने घर सोडून रस्ता धरला. जानेवारी १९९२मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली समिती उभी राहिली. २६ मार्चला सुहरावर्दी उद्यानात 'गणआदालत', म्हणजे लोकांचं न्यायालय, भरलं. याच मैदानावर १९७१मध्ये पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली होती. प्रचंड गर्दीसमोर आरोप वाचले गेले आणि आरोपीचे गुन्हे मृत्युदंडाच्या लायकीचे असल्याचा निवाडा दिला गेला. या निवाड्याला कायद्याचं बळ नव्हतं, हे आपांना माहीत होतं. म्हणूनच त्यांनी शिक्षा स्वतः केली नाही. शिक्षेची मागणी सरकारकडेच केली. सरकारने मात्र त्यांच्यासह २४ जणांवर राजद्रोहाचा गुन्हा लावला.

शेवटी बोलणंही कठीण झालं. तरी लढा अर्धवट सोडू नका, असा निरोप त्यांनी देशवासीयांसाठी लिहून ठेवला. २६ जून १९९४ रोजी अमेरिकेत त्यांचा इंतकाल झाला. राजद्रोहाचा गुन्हा तेव्हाही अंगावर होताच.

२०१० साली त्याच जुन्या कायद्याखाली न्यायाधिकरण बसलं. २०१३मध्ये गुलाम आझम यांना ९० वर्षांची कैद झाली. मात्र या खटल्यांच्या निष्पक्षतेवर जगभरच्या मानवाधिकार संघटनांनी गंभीर आक्षेप घेतले. ते झटकून टाकता येणार नाहीत. कुणाशी वैर असलं तरी त्याच्याबाबतीत अदल सोडू नका, ही कुरआनची शिकवण आहे. जालिमवरचा खटलासुद्धा न्यायानेच चालायला हवा.

जहानारा आपांनी मुलासाठी हुकूमशहाची माफी मागितली नाही. वीस वर्षांनी त्या मैदानात उतरल्या, तेव्हाही त्यांनी बदला मागितला नाही, खटला मागितला. मुलाची कबरही जिला ठाऊक नाही, अशा आईसाठी ही साधी गोष्ट नव्हती.