डार्विन आणि सिंधमधील न उगवलेले दात

उत्क्रांतिवादाचे जनक चार्ल्स डार्विन यांच्या ग्रंथसंपदेत तत्कालीन मुंबई इलाख्यातील एका कुटुंबाची नोंद आढळते. सिंध प्रांत तेव्हा या इलाख्याचाच भाग होता. तेथील एका हिंदू कुटुंबात चार पिढ्यांतील दहा पुरुषांना दोन्ही जबडे मिळून अवघे बारा दात होते. चार दुबळे पटाशीचे दात आणि आठ दाढा!

१२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे जन्मलेल्या डार्विन यांनी वैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडले. १८३१ ते १८३६ या काळात 'बीगल' जहाजावरून त्यांनी जगप्रवास केला. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने जीवसृष्टीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. आनुवंशिकतेचे कोडे मात्र त्यांना अखेरपर्यंत छळत राहिले.

या प्रश्नाला घरचीही किनार होती. १८३९ मध्ये त्यांनी मामेबहीण एमा हिच्याशी विवाह केला. दहा अपत्यांपैकी तीन बालपणीच दगावली. जवळच्या नात्यातील विवाहाचा हा परिणाम तर नसेल, ही शंका त्यांच्या मनातून गेली नाही. १८७१ च्या जनगणनेत अशा विवाहांची माहिती घ्यावी, हा त्यांचा आग्रह ब्रिटिश संसदेने फेटाळला.

सिंधमधील माहिती डार्विन यांना डब्ल्यू. वेडरबर्न यांनी कळवली आणि १८७५ मध्ये ती ग्रंथात आली. या पुरुषांच्या अंगावर केस तुरळक असत, टक्कल लवकर पडे आणि उन्हाळ्यात त्वचेच्या कोरडेपणाचा त्रास होई. मुलींमध्ये दोष दिसत नसे. मात्र तो त्यांच्या मुलग्यांत उतरे. पित्याकडून पुत्राकडे तो गेल्याचे एकही उदाहरण नव्हते. डार्विन यांनी हा क्रम अचूक टिपला, पण त्यामागचे कारण त्यांना उमगले नाही. मेंडेल यांचे १८६६ मधील संशोधन तोवर दुर्लक्षितच होते. १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन यांचे निधन झाले.

उत्तर विसाव्या शतकात मिळाले. हा दोष एक्स गुणसूत्रावरून उतरतो आणि पिता पुत्राला ते गुणसूत्र देत नाही. संबंधित जनुक १९९६ मध्ये सापडले.

सिंधमधील विकार दुर्मिळ असला, तरी एखाद-दुसरा कायमचा दात जन्मतः नसणे दुर्मिळ नाही. जगभरातील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार, अक्कलदाढ वगळता, शंभरातील सुमारे सहा जणांत असे आढळते. खालची दुसरी उपदाढ आणि वरचा बाजूचा पटाशीचा दात बहुधा गैरहजर असतो. तुळजापूर तालुक्यातील जळकोट असो वा मुंबई, वय उलटूनही दुधाचा दात पडला नाही, तर क्ष-किरण तपासणी करून घेणे हिताचे. दाताचा अंकुरच नसणे हा ना मुलाचा दोष, ना आईचा.