किहीमच्या सुगरणी आणि सलीम अली

मराठी माणसाने ज्या पक्ष्याला ‘सुगरण’ म्हटले, त्याचे घरटे मादी विणत नाही. विहिरीवर झुकलेल्या फांदीला किंवा शिंदीच्या झावळीला टांगलेला तो डौलदार खोपा नराचे काम असते. बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेने हा खोपा महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवला आणि त्याबरोबर पिलासाठी जीव झाडाला टांगणारी आईही. लोकमानसातील ही प्रतिमा आपल्या जागी सुंदरच आहे. परंतु नर नेमके काय करतो, मादी केव्हा येते आणि काय पाहून घर पसंत करते, याची चिकाटीने नोंद केली ती अलिबागजवळच्या किहीम गावात राहायला आलेल्या एका बेकार गृहस्थाने. साल होते १९३०. या गृहस्थाकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, नुकतीच नोकरी गेली होती आणि वय तिशीच्या पुढे सरकले होते. सलीम अली हे त्यांचे नाव. भारतातील पक्षीशास्त्राला नवे वळण देणारे हे आयुष्य त्या काळात जवळजवळ अयशस्वीच मानले गेले असते.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते. त्या काळच्या सुखवस्तू घरातील मुलांप्रमाणे सलीमच्या हातीही लहानपणीच छऱ्याची बंदूक आली. पुढे जगभर नाव झालेल्या या पक्षीशास्त्रज्ञाची पक्ष्यांशी पहिली ओळख झाली ती नेम धरणारा शिकारी म्हणून.

अशाच एका दिवशी पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीहून ही वेगळी होती. तिचे नाव मामांनाही सांगता येईना, तेव्हा त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत धाडले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी बुजऱ्या मुलाला आपुलकीने जवळ घेतले, ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि कपाटांतून जतन केलेले पक्ष्यांचे नमुने एकेक काढून दाखवले. वाचायला पुस्तके दिली, नमुना कसा जपून ठेवायचा हे शिकवण्याची सोय केली. आपल्या अवतीभवतीच्या पाखरांत इतकी विविधता आहे आणि तिची कोणी काळजीपूर्वक मांडणी करते, हे त्या मुलाने प्रथमच पाहिले. सलीम अलींनी उतारवयात लिहिलेल्या आणि १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या नावातही ती पडलेली चिमणी आहे.

त्याच सुमाराची त्यांची आणखी एक नोंद विलक्षण आहे. भिंतीतील भोकात चिमण्यांच्या एका जोडीने घरटे केले होते. बाहेर पहारा देणाऱ्या नराला सलीमने टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही टिपला, तर तिसरा आला. सात दिवसांत आठ नर मारले गेले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळत राहिला. ही नोंद लिहिली गेली होती नेमबाजीची फुशारकी म्हणून. मात्र पाहिले ते आकड्यासह, क्रमाने आणि भर न घालता लिहिण्याची वृत्ती तिच्यात दिसते. म्हणूनच अनेक दशकांनंतर ती पक्ष्यांच्या वर्तनाची नोंद म्हणून पुन्हा छापता आली.

शाळेत मात्र सलीमने फारशी चमक दाखवली नाही. डोकेदुखीचा विकार जडल्याने कोरड्या हवेसाठी त्यांना सिंधमध्ये पाठवण्यात आले. शिक्षणात खंड पडला आणि १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. त्यानंतर कुटुंबाच्या वुल्फ्रॅमच्या खाणी आणि इमारती लाकडाचा धंदा सांभाळण्यासाठी त्यांची रवानगी ब्रह्मदेशातील ताव्हॉय येथे झाली. तेथील जंगलांनी धंद्यापेक्षा पक्ष्यांकडेच त्यांचे लक्ष अधिक ओढले. १९१७ साली मुंबईत परतल्यावर त्यांनी दावर कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकायला घेतला. सेंट झेवियर्स कॉलेजातील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी त्यांचा खरा कल ओळखला आणि प्राणिशास्त्राच्या वर्गांना बसण्याचा आग्रह धरला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुन्हा ब्रह्मदेश, पुन्हा धंदा आणि अखेर त्यात अपयश, असे पुढील काही वर्षांचे चित्र आहे.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविज्ञान विभागाची माहिती प्रेक्षकांना देणाऱ्या मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा त्यांना मिळाली. पगार होता महिना साडेतीनशे रुपये. दोनच वर्षांत या कामाच्या मर्यादा जाणवू लागल्या आणि अभ्यासरजा घेऊन ते बर्लिनला गेले. तेथील प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान हे त्या काळातील अग्रगण्य पक्षीशास्त्रज्ञ काम करीत होते. नमुन्यांची मोजमापे घेऊन जाती-उपजाती ठरवणे एवढ्यावर पक्षीशास्त्र थांबत नाही. जिवंत पक्षी कसा जगतो हाही त्याचा विषय आहे, ही दृष्टी सलीम अलींना येथे मिळाली. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून स्थलांतराचा माग काढण्याचे तंत्रही त्यांनी पाहून घेतले. १९३० साली ते मायदेशी परतले, तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली होती.

मुंबईत घर चालवणे परवडेना, म्हणून पतीपत्नी किहीमला तेहमिनांच्या माहेरच्या घरी राहायला गेली. पावसाळा आला आणि जवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत भरली. सलीम अली आडोसा करून तासन्‌तास तिच्यासमोर बसू लागले. त्यांना दिसले ते असे. पिवळ्याधमक डोक्याचे नर गवताचे आणि झावळ्यांचे लांब धागे सोलून आणतात आणि चोचीने विणू लागतात. घरटे अर्धे झाले की काम थांबते. वसाहतीत माद्यांचा घोळका येतो, नर पंख फडफडवून त्यांचे लक्ष वेधतात आणि माद्या एकेका घरट्यात शिरून पारख करतात. मादीने पसंत केले तरच नर पुढची बोगद्यासारखी नळी विणून घर पुरे करतो. ती अंडी घालून उबवायला बसली की हा शेजारीच दुसऱ्या घरट्याला आरंभ करतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. एकाच हंगामात एकामागून एक अशा अनेक जोडीदारणी करण्याची ही रीत त्यांनी उलगडून दाखवली. हा लेख १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि या नव्या अभ्यासकाकडे परदेशातील जाणकारांचेही लक्ष गेले.

नोकरी नव्हतीच, तेव्हा सलीम अलींनी वेगळा मार्ग काढला. अनेक संस्थानांच्या मुलखातील पक्ष्यांची नीट पाहणी झालेली नव्हती. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च संस्थानाने द्यावा, आपण मेहनताना न घेता पाहणी करू, अशी त्यांची तयारी होती. हैदराबादपासून सुरुवात झाली. मग त्रावणकोर-कोचीन, मध्य भारत, म्हैसूर, बडोदे, कच्छ असा हा प्रवास दीर्घकाळ चालला. बैलगाडी, तंबू, पायपीट आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात नोंदी. बहुतेक मोहिमांत तेहमिना सोबत असत आणि छावणीची सारी व्यवस्था पाहत. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. त्यानंतर बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घराने सलीम अलींना आधार दिला. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. काम मात्र अधिकच वाढवले.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक बाहेर आले. पूर्वीचे ग्रंथ साहेबी अधिकाऱ्यांसाठी आणि तज्ज्ञांसाठी होते. या पुस्तकाने अंगणातल्या बुलबुलाकडे पाहणाऱ्या सामान्य माणसाला पक्षी ओळखायला शिकवले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा महाग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. तो पुरा झाला तेव्हा सलीम अलींनी पंचाहत्तरी ओलांडली होती.

ते भाबडे पक्षीप्रेमी नव्हते. शास्त्रासाठी नमुने जमवताना बंदूक वापरावी लागते, हे ते उघडपणे मानत आणि त्याबद्दल टीकाही सोसत. पक्षी वाचवायचा तर आधी त्याला नीट जाणले पाहिजे, आणि त्याचे रान, तळे, माळ राखल्याखेरीज तो वाचत नाही, ही त्यांची भूमिका होती. कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडतापाची साथ आली. या तापाचे विषाणू सायबेरियाकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून आले असावेत, असा संशय होता. तो सिद्ध झाला नाही. पण त्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने १९५९ पासून पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे काम उभे राहिले आणि स्थलांतराच्या वाटा उजेडात येऊ लागल्या.

राजस्थानातील भरतपूरची पाणथळ ही त्यांच्या आयुष्यातील मोठी लढाई. एकेकाळी ती महाराजांची शिकारीची जागा होती. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले होते. स्वातंत्र्यानंतर ही जमीन शेतीसाठी मोकळी करण्याची मागणी पुढे आली, तेव्हा सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत धाव घेतली आणि पाणथळ वाचली. पुढे तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९८५ साली जागतिक वारसास्थळांत तिची गणना झाली.

परंतु याच भरतपूरने शास्त्रज्ञांना एक कटू धडा दिला. म्हशींच्या चराईमुळे पक्ष्यांना उपद्रव होतो, असे सलीम अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मत होते. १९८२ साली चराईवर बंदी आली. गावकऱ्यांचा विरोध चिघळला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी प्राणास मुकले. बंदीनंतर पाण्यातील गवत माजले, उघडे पाणी आक्रसले आणि अनेक पाणपक्ष्यांची पंचाईत झाली. म्हशी ते गवत आटोक्यात ठेवत होत्या, हा निष्कर्ष निघाला तो सलीम अलींच्याच पुढाकाराने सुरू झालेल्या, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दशकभराच्या अभ्यासातून. तो अहवाल पुरा झाला तेव्हा ते हयात नव्हते. तज्ज्ञाच्या अंदाजाहून पाहणीतील नोंद मोठी, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलेले तत्त्व त्यांच्याच मताविरुद्ध उभे राहिले. पण त्याची किंमत गावकऱ्यांनी आधीच मोजलेली होती.

दुसरी एक लढाई ते हरले, आणि ती महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याची आहे. राष्ट्रीय पक्षी निवडताना त्यांनी माळढोकाचा आग्रह धरला होता. मोराला पुराणे, शिल्पे, लोकगीते आणि कार्तिकेयाचे वाहन म्हणून मिळालेला मान लाभला होता. त्याला संरक्षक अनेक होते. उघड्या माळावर राहणाऱ्या, पडीक म्हणून हिणवल्या जाणाऱ्या जमिनीच्या या भव्य पक्ष्याला मात्र कोणी वाली नव्हता. १९६३ साली मान मोराला मिळाला. सोलापूर-नगरच्या माळांवर १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले खरे. परंतु शेती, रस्ते आणि विजेच्या तारा यांनी माळ तुटत गेले. आज हा पक्षी महाराष्ट्रातून जवळपास नाहीसा झाला असून जगात दीडशेच्या आसपासच उरला आहे.

१९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, परदेशी संस्थांची पदके, तीन विद्यापीठांच्या सन्माननीय पदव्या आणि १९८५ साली राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्व, असे मान मॅट्रिकनंतर एकही परीक्षा पदवीपर्यंत न नेलेल्या या माणसाला लाभले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे सदाहरित जंगल धरणापासून वाचवण्यासाठी ऐंशी पार केल्यावरही त्यांनी आवाज उठवला. १९८४ साली ते जंगल राष्ट्रीय उद्यान झाले. १९८७ साली मुंबईत कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. त्यांच्या नावाची पक्षीविज्ञान संस्था १९९० साली कोईमतूरला स्थापन झाली.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्याचा पहिला दिवस अरण्याला मराठी शब्द देणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनाचा, तर शेवटचा सलीम अलींच्या. त्या आठवड्यात शाळाशाळांतील मुले वह्या घेऊन तळ्याकाठी जातात आणि काय दिसले, किती दिसले, केव्हा दिसले ते लिहून काढतात.