मधुमेह्यांचा त्राता : सर फ्रेडरिक बँटिंग

मनुष्याच्या रक्तांत साखर असते, ही गोष्ट पुष्कळांस नवलाची वाटेल. परंतु ती तेथें योग्य प्रमाणांत असणें हें आरोग्याचें एक मुख्य लक्षण होय. तें प्रमाण कायमचें वाढलें कीं मधुमेह जडतो. चरक व सुश्रुत यांस हा रोग ठाऊक होता, आणि रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात ही खूण आपल्या प्राचीन वैद्यांनीं टिपून ठेविली होती. रोगाची ओळख एवढी जुनी. पण त्यावर खरा उपाय सांपडण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. तो उपाय ज्यांच्या ध्यासामुळें जगास लाभला, त्या सर फ्रेडरिक बँटिंग यांचें हें अल्प चरित्र आहे.

बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजीं कॅनडांतील ऑंटारिओ प्रांतांत, अ‍ॅलिस्टन गांवाजवळच्या एका शेतकरी कुटुंबांत झाला. आईबाप मेथॉडिस्ट पंथाचे, श्रमाळू व ईश्वरभीरु होते. फ्रेडरिक शाळेंत कांहीं असामान्य विद्यार्थी नव्हते. १९१० सालीं ते टोरांटोच्या व्हिक्टोरिया कॉलेजांत दाखल झाले, तेव्हां धर्मोपदेशक होण्याचा विचार त्यांच्या मनांत होता; परंतु पहिल्याच वर्षीं त्यांस अपयश आलें. पुढें १९१२ सालीं ते वैद्यकाकडे वळले. पहिल्या महायुद्धांत लष्करी डॉक्टर म्हणून काम करीत असतां, १९१८ सालीं कँब्रे येथें त्यांच्या हाताला जखम झाली. तरीहि ते दुसऱ्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत राहिले. या शौर्याबद्दल त्यांस मिलिटरी क्रॉस हें पदक मिळालें.

युद्धानंतर ऑंटारिओमधील लंडन या शहरीं त्यांनीं दवाखाना थाटला. रोगी फिरकत ना. पहिल्या महिन्याची कमाई अवघी ४ डॉलर झाली! उदरनिर्वाहास जोड म्हणून ते विद्यालयांत शिकवूं लागले. ३० ऑक्टोबर १९२० च्या रात्रीं एका पाठाची तयारी करतांना स्वादुपिंडावरील एक लेख त्यांच्या वाचनांत आला. हें पिंड काढून टाकल्यास कुत्र्याला मधुमेह होतो, हें जर्मनींत १८८९ सालींच सिद्ध झालें होतें. तेव्हां रक्तांतील साखर आटोक्यांत ठेवणारें एखादें द्रव्य त्यांत असलें पाहिजे. पण तें काढावयास गेलें कीं त्याच पिंडांतील पाचकरस त्याचा नाश करीत असावा, असें पुष्कळांस वाटे. पिंडाची नळी बांधून पाचकरस उत्पन्न करणाऱ्या पेशी आधीं निकामी केल्या तर? ही कल्पना सुचतांच बँटिंग यांनीं ती मध्यरात्रीं उठून वहींत लिहून ठेविली.

टोरांटो विद्यापीठांतील प्राध्यापक मॅक्लिऑड यांस प्रथम या तरुणाचा भरंवसा वाटला नाहीं. तथापि त्यांनीं प्रयोगशाळा, कांहीं कुत्रे व चार्ल्स बेस्ट नांवाचा एक विद्यार्थी दिला. मे १९२१ मध्यें काम सुरू झालें. बँटिंग यांस त्या वेळीं वेतन नव्हतें. शस्त्रक्रिया बँटिंग करीत व रक्तांतील साखर बेस्ट मोजीत. उन्हाळ्याचा उकाडा असह्य होता; कुत्र्यामागून कुत्रे दगावत होते. अखेर जुलैच्या शेवटीं अर्क टोंचल्यावर एका कुत्र्याच्या रक्तांतील साखर तासाभरांत स्पष्टपणें उतरली. पुढें रसायनशास्त्रज्ञ कॉलिप यांनीं हा अर्क शुद्ध करण्याचें काम हातीं घेतलें.

टोरांटोच्या रुग्णालयांत लिओनार्ड थॉम्सन नांवाचा चौदा वर्षांचा मुलगा मरणाच्या दारीं पडला होता. त्या काळीं रोग्यास जवळजवळ उपाशी ठेवणें हाच उपचार असल्यामुळें त्याचें वजन केवळ ६५ पौंड उरलें होतें. ११ जानेवारी १९२२ रोजीं त्याला पहिलें इंजेक्शन दिलें, पण तें सफळ झालें नाहीं. कॉलिप यांनीं शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीस टोंचला, तेव्हां १०० मिलिलिटर रक्तांतील साखर एका दिवसांत ५२० मिलिग्रॅमवरून १२० वर आली. मुलगा उठून बसला व आणखी तेरा वर्षें जगला. हेंच तें इन्शुलिन!

या शोधाचे हक्क संशोधकांनीं टोरांटो विद्यापीठास प्रत्येकीं एका डॉलरला देऊन टाकिले. १९२३ सालीं बँटिंग व मॅक्लिऑड यांस नोबेल पारितोषिक मिळालें. बेस्ट यांस वगळल्यामुळें बँटिंग संतापले व आपल्या वांट्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं बेस्ट यांस दिली; मॅक्लिऑड यांनींहि कॉलिप यांस आपला अर्धा वांटा दिला. बँटिंग यांचा स्वभाव तापट होता, आणि मॅक्लिऑड यांच्याशीं त्यांचें वितुष्ट कधींच मिटलें नाहीं. थोरांच्या ठायींहि उणिवा असतात. त्या झांकणें हें चरित्रकाराचें काम नव्हे. १९३४ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडला जात असतां, फेब्रुवारी १९४१ मध्यें न्यूफाउंडलंड येथें विमान कोसळून त्यांचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, बेस्ट यांनीं ज्या आंकड्यावर दृष्टि ठेविली, तोच आंकडा आज घरोघरीं पाहिला जातो. म्हणून त्याचा अर्थ समजून घेणें इष्ट आहे. रात्रभर उपाशी राहून सकाळीं घेतलेल्या १०० मिलिलिटर रक्तांत साखर १०० मिलिग्रॅमहून कमी असल्यास ती योग्य समजावी. १०० ते १२५ हा धोक्याच्या सूचनेचा टप्पा असून १२६ वा अधिक आंकडा मधुमेह दर्शवितो. मात्र लक्षणें नसतांना एकाच आंकड्यावरून निदान करीत नाहींत. चांचणी पुन्हां करून खात्री करून घेतात. ताप, औषधें वा मनाचा ताण यांमुळेंहि आंकडा चढतो. लिओनार्डचा मधुमेह आहारानें टळणारा नव्हता. परंतु प्रौढांत आढळणारा सर्वसामान्य प्रकार वजन आटोक्यांत ठेवून, चालण्याचा व्यायाम करून व मिताहार पाळून पुष्कळदां टाळतां किंवा लांबवितां येतो. आईबापांस तो असल्यास मुलांनीं विशेष जपावें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणींत, देशांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह व सुमारें १३ कोटी ६० लाखांस त्याची पूर्वावस्था असल्याचा अंदाज आहे. पूर्वावस्था म्हणजे शिक्षा नव्हे, तर वेळेवर मिळालेला इशारा होय.

१४ नोव्हेंबर हा आपल्याकडे बालदिन. बँटिंग यांच्या जन्मामुळें तोच जागतिक मधुमेह दिनहि आहे. त्या दिवशीं आपल्या घरांतील वडील मंडळींस रक्त तपासून घेण्याचा आग्रह करावा, आणि आंकडा हातीं येतांच भिऊन न जातां वैद्याचा सल्ला घ्यावा. आंकडा दडविणाराचें नुकसान होतें; तो जाणणाराच्या हातीं उपाय असतो. तो उपाय आपणांस मिळावा म्हणून एका अप्रसिद्ध डॉक्टरानें ऐन उन्हाळ्यांत वेतनावांचून कष्ट केले, याचें स्मरण ठेवावें.