व्यसनी नव्हे, रुग्ण : डॉ. अनिता अवचट

ऐंशीच्या दशकात गर्दने शहरी तरुणांना विळखा घातला. हवालदिल पालक डॉक्टरांचे दार ठोठावत. पण अशा रुग्णाला पुढे पाठवायचे कुठे, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडे. पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी त्याचे उत्तर उभे केले. पती डॉ. अनिल अवचट यांची गर्दवरील लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले.

औषधांनी शारीरिक त्रास काही दिवसांत शमतो, मनाची ओढ मात्र उरते, हे अनिताताईंनी जाणले होते. म्हणून निवासी उपचारांना त्यांनी समुपदेशन व समूहचर्चेची जोड दिली. बरे झालेल्या रुग्णांना कार्यकर्ते केले, रुग्णपत्नींसाठी 'सहचरी' गट काढला. कर्करोगाशी झुंजतानाही त्यांचे काम सुरूच होते. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील डॉक्टरांपुढेही दारूने खंगलेला रुग्ण येतो. सलाईन लावून त्याला घरी धाडणे म्हणजे उपचार अर्ध्यावर सोडणे, हेच अनिताताईंचे कार्य सांगते.