भांडाराची किल्ली

मिस फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचे नाव घेताच हाती दिवा घेऊन रात्री रुग्णांच्या खाटांमधून फिरणारी स्त्री आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. ते चित्र खरे आहे. परंतु ह्याच बाईंनी भांडाराची वहीही तितक्याच निष्ठेने सांभाळली, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज घराण्यात झाला. रुग्णसेवा हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे अशी त्या काळची समजूत असल्यामुळे घरच्यांनी फार विरोध केला. तरी १८५१ साली जर्मनीतील कैसरस्वर्थ येथे पाळक फ्लीडनर ह्यांच्या संस्थेत राहून त्यांनी ते काम शिकून घेतले.

पुढे क्रिमियाचे युद्ध जुंपले. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी इस्पितळात पोहोचल्या. तेथे सदरे, साबण, भांडी, पथ्याचे अन्न, सर्वांचीच वाण होती. नवल असे की, विलायतेहून माल येतच नव्हता असे नाही. काही माल जहाजांत दारूगोळ्याखाली दबून राहिला, तर काही जकातीच्या नाक्यावर अडकला. २७,००० सदरे किनाऱ्यास लागले, परंतु पंचांनी पाहणी केल्यावाचून गठ्ठे सोडू नयेत असा नियम असल्यामुळे ते तसेच पडून राहिले आणि इकडे शिपाई थंडीने कुडकुडत होते. क्रिमियातील बालाक्लाव्हा बंदरी डिसेंबरात लिंबाचा रस येऊन पडला. हिरड्या सुजवून माणसास खंगविणाऱ्या स्कर्व्ही रोगावर तोच उपाय. परंतु रोजच्या शिध्यात त्याचे नाव नव्हते, म्हणून फेब्रुवारीपर्यंत तो कोणास मिळाला नाही.

बाईंनी वर्गणीच्या व स्वतःच्या पैशाने कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारात माल घेतला व आपले निराळे भांडार उभारले. डॉक्टरांची मागणी आल्यावाचून त्या काही देत नसत, आणि दिलेल्या जिनसांची नोंद ठेवीत. एक घर भाड्याने घेऊन त्यांनी धुण्याची सोय केली व शिपायांच्या बायकांस ते काम दिले.

तथापि केवळ मालाने प्राण वाचले असे म्हणणे खरे होणार नाही. फेब्रुवारी १८५५ मध्ये शेकडा सुमारे ४२ रुग्ण मरत होते. मार्चपासून सरकारी आरोग्य मंडळाने गटारे उपसली, पाणी व हवा शुद्ध केली, तेव्हा जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा दोनांच्या आसपास उतरले. घाणीने किती बळी घेतले हे बाईंस पुढे आकड्यांवरूनच उमगले, आणि ते आकडे राज्यकर्त्यांपुढे मांडण्यास त्या कचरल्या नाहीत. १८६० साली त्यांच्या नावाने लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांनी देह ठेवला.

बंधुभगिनींनो, ज्याच्या हाती गावच्या औषधपेटीची किल्ली आहे त्याने हे चरित्र मनात धरावे. काय आले, काय संपत आले, कशाची मुदत टळली, हे वेळीच लिहून ठेवणे हीदेखील रुग्णाची सेवाच आहे. पेटीत असून हाती न आलेले औषध आजाऱ्याच्या लेखी नसल्यासारखेच.