गे बारमधली बिअर बंद केली, अन् युनियनवाले दोस्त झाले. नगरसेवक हार्वे मिल्क यांची गोष्ट

१९७० च्या आधी अमेरिकेतल्या बहुतेक गे बारच्या खिडक्या झाकलेल्या असायच्या. कारण साधं होतं. धाड पडली आणि नाव पेपरात छापून आलं, की नोकरी गेलीच म्हणून समजा.

सॅन फ्रान्सिस्कोचा कॅस्ट्रो भाग तेव्हा आयरिश कामगारांचा. ही कुटुंबं उपनगरांत निघून गेली, घरं स्वस्त झाली आणि गे तरुण तिथं राहायला आले. १९७२ मध्ये दोन महिलांनी इथला ट्विन पीक्स बार घेतला आणि त्याला रस्त्यावरून आत दिसेल अशा मोठ्या काचा बसवल्या.

त्याच वर्षी हार्वे मिल्क या शहरात राहायला आले. १९३० साली न्यूयॉर्क राज्यात जन्म, मग नौदल, शिक्षकी, विमा कंपनी, वॉल स्ट्रीट असा प्रवास. १९७३ मध्ये त्यांनी कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्याचं दुकान टाकलं. फोटो कमी आणि मतदार नोंदणी जास्त, असं ते दुकान होतं.

त्याच सुमारास बिअरचे ट्रक चालवणाऱ्यांच्या युनियनचा कंपन्यांशी वाद पेटला. कूर्स कंपनी करार करेना. युनियननं मिल्क यांच्याकडे मदत मागितली. मिल्क यांची अट एकच होती, गे लोकांनाही ड्रायव्हरची नोकरी द्या. सौदा ठरला. मिल्क बार मालकांना भेटत राहिले आणि गे बारमधून कूर्स गायब झाली.

पुढच्या निवडणुकांत कामगार संघटना त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. तरी १९७३, १९७५ आणि १९७६ अशा तीन वेळा मिल्क हरले. तोवर नगरसेवक अख्ख्या शहराच्या मतांवर निवडून यायचे. १९७७ मध्ये वॉर्ड पद्धत आली, कॅस्ट्रोची मतं एका जागी आली आणि मिल्क जिंकले.

नगरसेवक म्हणून त्यांना वर्षही पूर्ण करता आलं नाही. तेवढ्यात त्यांनी गे लोकांशी नोकरी आणि घरांबाबत होणाऱ्या भेदभावाविरुद्ध शहराचा कायदा करून घेतला. समलिंगी शिक्षकांना सरकारी शाळांतून काढण्याचा प्रस्ताव कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर १९७८ मध्ये फेटाळला, त्या प्रचारातही ते पुढे होते.

२७ नोव्हेंबर १९७८ ला माजी नगरसेवक डॅन व्हाइटनं महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि मिल्क यांना सिटी हॉलमध्येच गोळ्या घातल्या. व्हाइट आधी पोलिसात होता.

२१ मे १९७९ ला निकाल लागला. खून नाही, सदोष मनुष्यवध. शिक्षा, सात वर्षं आठ महिने. सिटी हॉलसमोर संतापाचा स्फोट झाला, पोलिसांच्या गाड्या जळाल्या. काही तासांनी पोलीस कॅस्ट्रोत आले. मिल्क यांच्या दुकानाच्याच रस्त्यावरच्या एलिफंट वॉक या गे बारमध्ये घुसून त्यांनी काचा फोडल्या, गिऱ्हाइकांना झोडपलं.

पण या वेळी लोक लपून बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मिल्क यांचा वाढदिवस होता. कॅस्ट्रोच्या रस्त्यावर हजारो लोक जमले आणि तो शांततेत साजरा झाला. पुढं एलिफंट वॉकच्या जागी जो बार आला, त्याचं नाव ठेवलं गेलं हार्वेज.